खारपाणपट्टा, आरओचा कॅन आणि थरथरणाऱ्या ब्लॅक मॉली

काळीमाती (ता. दर्यापूर): टाकी 2 बाय 1 बाय 1 फुटाची, आत साधारण 45 लिटर पाणी, स्पंज फिल्टर. ब्लॅक मॉली मासे: 1 नर, 3 माद्या, त्यातली एक गाभण. गाव खारपाणपट्ट्यात आहे, जमिनीखालचं पाणी खारं, म्हणून टाकी आरओ प्लांटच्या कॅनने भरली. दर रविवारी निम्मं पाणी बदलतो. तीन आठवडे झाले, मासे पंख मिटून एकाच जागी डुलतात. अंग हलते, पण पुढं सरकत नाहीत. अंगावर ठिपके नाहीत, कापसासारखी बुरशी नाही. तापमान 27. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर कॅनचं पाणी 60, बोअरचं 1400. औषध कोणतं टाकू?

पूर्णाकाठ: औषध टाकू नका भाऊ, दोष पाण्यात आहे. मॉली मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, किनाऱ्याजवळच्या मचूळ पाण्यातही राहणारी. हळूहळू सवय लावली तं समुद्राच्या पाण्यातही जगते. तिला पाणी जड लागते, पीएच साडेसात ते साडेआठ. 60 टीडीएसमध्ये तिच्या अंगातले क्षार टिकत नाहीत, म्हणून हे डुलणं. गावभर शिव्या खाणारं बोअरचं पाणीच तिच्या कामाचं.

पण रविवारी निम्मं ओतू नका. रोज साडेचार लिटर काढा, तेवढंच बोअरचं घाला. दहा दिवसांत मीटर 900 च्या पुढं जाईल, मग आठवड्याला 10 लिटर पुरे. बोअरचं ताजं पाणी लगेच नको. रात्रभर बादलीत एअरस्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवा.

आणि आधी अमोनिया तपासा, माशांच्या घाणीतून तो पाण्यात साचतो. आरओच्या पाण्यात पीएच खाली असतो तोवर अमोनिया फारसा बाधत नाही. पीएच 7 चा 8 झाला की त्यातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. पाणी सुधारायला गेलं अन् मासे मेले, असं होते ते यामुळं. हे दहा दिवस खाणं निम्मं करा.

मत्स्यवेडा: दर 5 लिटरला एक चमचा खडे मीठ टाका, दोन दिवसांत थांबते.

जिप्समवाला: बोअरचं पाणी देणार असतील तं मीठ कशाला? मिठानं पाणी खारं होते, जड होत नाही. जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. टीडीएस मीटर दोन्ही एकत्र मोजतो, अन् आपल्या पट्ट्यात सोडियमच जास्त असू शकते. म्हणून 1400 वर विसंबू नका, जीएचची (पाण्याच्या जडपणाची) टेस्ट किट घ्या. पाणी उकळल्यावर भांड्याला पांढरा खर धरत असेल तं थोडंफार कॅल्शियम आहे असं समजा.

जीएच 12 च्या खाली निघाला तं शुद्ध जिप्सम: 45 लिटरला 5 ग्रॅम, मगभर पाण्यात ढवळून. त्यानं जीएच साडेतीन अंशांनी वाढतो. पुढचा डोस दोन दिवसांनी. शेतात टाकायच्या पोत्यातलं वापरू नका, त्यात काय काय असते ते लेबलवर कळत नाही. शिंपल्याचा चुरा पीएच 8 च्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

काळीमाती: समजलं. मग घरात भरून ठेवलेले कॅन? अन् गाभण मादी वेगळी काढू का?

पूर्णाकाठ: कॅन ठेवा, उन्हाळ्यात लागतील. वाफ होऊन पाणी उडते, क्षार टाकीतच राहतात. उडालेल्या पाण्याची भर आरओनं घाला. बोअरचं घालत राहिले तं मीटर चढतच जाईल. पाणी 32 च्या वर गेलं तं टेबलफॅनचा वारा पाण्यावरून जाऊ द्या. बर्फाची बाटली एका वेळी अर्ध्या लिटरचीच. लाईन गेली की खाणं बंद, बॅटरीवरचा एअर पंप चालू.

मादीला आता हात लावू नका. धक्क्यानं पिल्लं अर्धवट पडतात. टाकीतच हायड्रिलाचा दाट गुच्छ तरंगता सोडा, पिल्लं त्यात लपतात. तलावातून आणली तं फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवून, धुऊन, काडी-काडी बघून घ्या. चतुराची अळी आत गेली तं पिल्लू उरत नाही.

जिप्समवाला: एक राहिलं. त्या खोलीत मच्छरची कॉइल किंवा लिक्विड लावत असाल तं बंद करा. एअर पंप तीच हवा पाण्यात सोडतो, अन् त्यातलं औषध माशाला माणसापेक्षा कितीतरी जास्त बाधते. फवारणीचा पंप अन् टाकीची बादली एका कोपऱ्यात ठेवू नका.