कोड लिहायला सगळे शिकवतात, वाचायला कोण शिकवणार?

कर्वेरोडकर

मी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात इंटर्नशिप झाली, आता सेमिस्टर सुरू आहे. कॉलेज आणि कंपनी दोन्ही जवळून बघून माझं एक मत पक्कं झालंय. इथे मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा.

प्रोग्रामरच्या सगळ्या सवयींमध्ये दुसऱ्याचा कोड नीट वाचणं ही सगळ्यात मोठी सवय आहे. कॉलेज नेमकी तीच शिकवत नाही, कंपनी तीच मोजत नाही, आणि एआय आल्यापासून तिचीच गरज सगळ्यात जास्त वाढली आहे.

कॉलेजात प्रॅक्टिकल म्हणजे प्रोग्राम चालवून दाखवायचा, आउटपुटची प्रिंट लावायची, जर्नलमध्ये थिअरी उतरवायची आणि सही घ्यायची. ओरलला व्याख्या विचारतात. ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ असं विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

आमच्या वर्गातल्या एका ग्रुपनं मेसचं बिल काढणारं अ‍ॅप केलं. बिलाचा भाग एआयकडून लिहून घेतलेला. डेमोला व्यवस्थित चाललं. मग पूर्ण पैसे भरलेल्या एका मुलाच्या नावापुढे ‘बाकी’ दिसायला लागलं. बाकी किती, तर ०.०० रुपये. चौघांनी डेटाबेस तपासला, अ‍ॅप पुन्हा इन्स्टॉल केलं, एआयला परत परत विचारलं. कोड उघडून मात्र कुणी वाचला नाही. रक्कम फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवली होती, आणि ‘भरलेले पैसे बिलाइतके आहेत का’ हे थेट बरोबरीच्या चिन्हानं तपासलं होतं. खाडे वजा करून दिवसाचा दर काढला की अपूर्णांक येणारच. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण ०.१ हा आकडा बायनरीत नेमका बसत नाही, कुठेतरी तोडावा लागतो. हे आम्हाला थिअरीत शिकवलंय. पेपरात सगळ्यांनी लिहिलंयसुद्धा. समोरच्या कोडमध्ये तेच घडतंय हे कुणाला दिसलं नाही.

मेसचं बिल आहे म्हणून सोडून देता येतं. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात धाहरानला पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेत हाच ०.१ होता. वेळ दशांश सेकंदांत मोजायची आणि ०.१ हा २४ बिटांत तोडून ठेवलेला. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालली तेव्हा चूक साठत साठत ०.३४ सेकंदांपर्यंत गेली. येणारं स्कड क्षेपणास्त्र यंत्रणेनं चुकीच्या जागी शोधलं, आणि २८ अमेरिकी सैनिक मेले.

कंपनीत मला वाटलं होतं चित्र वेगळं असेल. भलामोठा पीआर (बदललेला कोड तपासून घ्यायची विनंती) टाकला की दोन मिनिटांत ‘एलजीटीएम’, म्हणजे ‘मला बरं दिसतंय’, येऊन मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील). तेवढ्या वेळात तो स्क्रोलसुद्धा होत नाही. कोण मनापासून काम करतो, हे ठरायचं कोण रात्री नऊपर्यंत बसतो त्यावर. जो माणूस शांतपणे दुसऱ्याचा कोड वाचून तीन चुका काढायचा, त्याच्या टाइमशीटवर त्या वेळासाठी रकानाच नव्हता.

फेज_तीन

मित्रा, कळकळ पोचली. पण इंटर्नशिपवरून पूर्ण इंडस्ट्रीचं मूल्यमापन करू नकोस. मी बरीच वर्षं हिंजवडीत आहे, सध्या टीम सांभाळतो.

क्लायंट पैसे देतो ते फीचरचे. इस्टिमेटमध्ये रिव्ह्यूसाठी वेळ धरला की पहिली कात्री त्यालाच लागते, आणि कात्री लावणारा माझ्या ऑफिसात बसत नाही. संध्याकाळी अमेरिकेचा कॉल, त्याआधी बिल्ड गेलं पाहिजे. अशा वेळी ‘एलजीटीएम’ लिहिणारा आळशी असतो असं नाही. त्याला समोरच्या माणसावर भरवसा टाकावा लागतो.

दुसरं, वाचायला वर्गात शिकवून येत नाही. प्रॉडक्शनला (लोक प्रत्यक्ष वापरतात त्या सिस्टीमला) रात्री दोन वाजता इश्यू आला की माणूस आपोआप वाचायला शिकतो. आम्ही सगळे तसेच शिकलो.

आणि एआयचं म्हणशील तर कंपायलर (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत नेणारे प्रोग्राम) आले तेव्हाही जुने लोक म्हणायचे, असेंब्ली (मशीनच्या जवळची भाषा) वाचता आली पाहिजे. आज कोण वाचतो? एक पायरी वर चढलो, इतकंच. चालतंय ना, टेस्ट पास होताहेत ना, मग पुढे चला.

कर्वेरोडकर

दादा, कंपायलरची तुलना मला मान्य नाही. सी भाषेचं लिखित स्टँडर्ड आहे. तोच कोड, तोच कंपायलर, तीच सेटिंग्ज दिली की तेच मिळतं, आणि त्यात चूक निघाली तर ती कंपायलरची चूक म्हणून सिद्ध करता येते. एआयला मी मराठीत किंवा इंग्रजीत चार वाक्यं सांगतो, तीच वाक्यं उद्या सांगितली तर वेगळा कोड येतो. माझ्या वाक्यात जे सुटलं ते तो अंदाजानं भरतो. तो अंदाज बरोबर आहे का, हे वाचल्याशिवाय कळायला दुसरा मार्गच नाही. टेस्ट म्हणाल तर त्याही हल्ली त्याच्याकडूनच लिहून घेतात. म्हणजे ज्यानं पेपर सोडवला त्यानंच तपासला.

भरवशाचं मला कळतं. पण भरवसा टाकायचा तर ‘मी वाचलेलं नाही’ असं स्पष्ट लिहायला हवं. न वाचता ‘बरं दिसतंय’ लिहिणं हे खोटं आहे, आणि फ्रेशर येतात ते पहिल्याच आठवड्यात हे शिकतात.

टेस्टर_वाकड

मी क्यूएमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात आहे, मला दोघांशीही भांडायचंय.

आधी फेज_तीन. रात्री दोनला कुणी वाचायला शिकत नाही. रात्री दोनला माणूस एक इफ (अट) टाकतो, सर्व्हिस रिस्टार्ट करतो आणि झोपतो. तो इफ तिथे वर्षानुवर्षं राहतो, आणि त्याची रिग्रेशन (जुनं काही बिघडलं नाही ना, याची तपासणी) आम्ही करत बसतो. शिवाय रात्री दोनला ‘शिकण्याची’ मोकळीक कुणाला असते? ज्याच्या घरी स्वयंपाक दुसरं कुणी करतं त्याला. मला साडेआठच्या पुढे थांबायचं तर कॅब, सासूबाई, मुलीचा अभ्यास, सगळं आधी लावून यावं लागतं. मी वेळेत निघते म्हणून अप्रेझलला ‘कमिटमेंट’ हा शब्द माझ्यापुढे ठेवला गेला आहे. २०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीचे अध्यक्ष ९० वर पोचले. आपल्याकडच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची ठेवली होती. थकलेला माणूस डिफमधलं (कोडमध्ये काय बदललं त्या यादीतलं) काहीही पकडू शकत नाही, हे मी रोज बघते.

आता कर्वेरोडकर. तू वाचनावर फार भिस्त ठेवतोयस. नाइट कॅपिटल या कंपनीचं उदाहरण घे, १ ऑगस्ट २०१२. शेअर बाजारात ऑर्डर टाकणारं सॉफ्टवेअर. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला, आठवा राहिला. त्या आठव्यावर कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या कोडनं नेमका जुनाच फ्लॅग (चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरायला घेतला होता. बाजार उघडला, जुना कोड जागा झाला, पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान. तू नवा कोड ओळ न् ओळ वाचला असतास तरी एक सर्व्हर राहिला हे तुला दिसलं नसतं. तिथे दुसऱ्या माणसानं डिप्लॉयमेंट (कोड सर्व्हरवर चढवणं) पडताळण्याची पद्धत हवी होती, ती नव्हती. वाचन हवंच, पण त्याच्यासाठी टेस्टिंगला आणि रिलीजच्या चेकलिस्टला दुय्यम करू नकोस. डेव्हलपर मंडळी तसंही ते करतातच.

लॅब_क्रमांक_दोन

मी शिकवते, त्यामुळे कॉलेजची बाजू मांडते.

जर्नलवर टीका करणं सोपं आहे. दोन तासांचं प्रॅक्टिकल, बॅचमध्ये वीसेक मुलं, त्यातच हजेरी, मागच्या वेळचं तपासणं, दोन मशीन बंद. प्रत्येकाच्या कोडवर पाच मिनिटं बसायचं म्हटलं तरी वेळ संपतो. ओरलला बाहेरून परीक्षक येतात, एका दिवसात पूर्ण बॅच उरकायची असते, आणि मार्कांचा हिशोब सगळ्यांना सारखा लागला पाहिजे. व्याख्या विचारली की उत्तर बरोबर की चूक हे वादाशिवाय ठरतं. ‘तुला हा कोड किती समजला’ याला दहापैकी किती द्यायचे? एकाला सहा आणि दुसऱ्याला सात का, याचं उत्तर पालकांना मला द्यावं लागतं.

आणि तुम्ही मुलं वाचता का? मी वर्गात तयार कोड दिला आणि पुढच्या तासाला त्यावर बोलू म्हटलं, तर बहुतेकांनी फाइल उघडलेलीही नसते. न शिकवल्याचा दोष घ्यायला मी तयार आहे, पण अर्धाच.

सोलापूरकर

भावा, तुझा मुद्दा ज्यांना पुढचं पोट भरायची चिंता नाही त्यांच्यासाठी बरोबर आहे. मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलोय, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो. प्लेसमेंटला आधी अ‍ॅप्टिट्यूड, मग कोडिंग राउंड, घड्याळ लावून. तिथे कोड लिहायला लागतो. वाचायला लावणारी एकही टेस्ट मी दिलेली नाही. ज्याचे मार्क नाहीत आणि ज्यावर नोकरी नाही, ते मी कधी करू?

दुसरं म्हणजे, एआयला तुम्ही सगळे व्हिलन करताय. माझ्या घरात, गल्लीत, शाळेत कुणी प्रोग्रामर नव्हता. लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन इंग्रजीत, त्यातला निम्मा मजकूर डोक्यावरून जायचा, आणि सिनियरला विचारावं तर तो ‘गूगल कर’ म्हणायचा. आता मी फंक्शन पेस्ट करतो आणि म्हणतो, ओळीओळीनं मराठीत सांग. मध्यरात्रीही तो वैतागत नाही. मला वाचायला त्यानंच शिकवलं. तुझ्या त्या मेस अ‍ॅपवाल्यांना बिल लिहून घेण्याऐवजी समजावून घ्यायचं सुचलं नाही, यात एआयचा काय दोष?

फेज_तीन

सोलापूरकरला पूर्ण अनुमोदन. माझ्या टीममधली चांगली मुलं अशीच वापरतात.

टेस्टरताई, तासांबद्दल तुमच्याशी वाद नाही. मी स्वतः टीमला सातनंतर मेसेज करत नाही. पण मूळ प्रश्न अजून तिथेच आहे. रिव्ह्यूचा तास कुणाच्या खिशातून? मी क्लायंटला ‘वाचन’ म्हणून बिल लावलं तर तो दुसऱ्या कंपनीकडे जाईल, आणि तिथे न वाचता लिहून देणारे आहेत. धाग्यात सगळे तत्त्व सांगताहेत, इस्टिमेट कुणी दिलेलं नाही.

कर्वेरोडकर

दादा, इस्टिमेट माझ्याकडे नाही, ते ठरवण्याच्या जागेवर मी नाही. पण वेळ कमी असेल तर पीआर लहान करा, हे तुमच्या हातात आहे. हजार ओळींचा पीआर कुणीच वाचत नाही. शंभर ओळींचा जेवणाआधी वाचून होतो. आयबीएममध्ये मायकेल फेगन यांनी कोड तपासणीची रीतसर पद्धत १९७६ मध्येच मांडली. तिचं समर्थनच मुळी असं होतं, की चूक जितकी उशिरा सापडते तितकी ती महाग पडते. क्लायंटला हा हिशोब कळत नाही, हे मला पटत नाही. त्याच्यापुढे तो मांडला जात नाही.

टेस्टरताई, नाइट कॅपिटलबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे पडताळणीच हवी होती. एक मात्र म्हणेन. तो जुना, मेलेला कोड वर्षानुवर्षं तिथे राहिला, कारण त्या फाइलकडे कुणी वळून बघितलं नाही. हेही वाचनातच येतं.

सोलापूरकर, तू जे करतोस त्यालाच मी वाचन म्हणतो. माझा विरोध न वाचता पुढे ढकलण्याला आहे. फक्त एक विनंती. एआयनं मराठीत सांगितलेलं ऐकलंस की एक व्हॅल्यू बदलून प्रोग्राम चालव, आणि तो म्हणाला तसंच होतंय का बघ. तोही छातीठोकपणे चुकीचं सांगतो. आणि कोडिंग राउंडमध्ये तुझा स्वतःचाच कोड अडतो, तेव्हा डिबग करताना तू वाचतच असतोस. घड्याळ तिथेच जास्त खातं.

मॅडम, मार्कांचा प्रश्न खरा आहे. त्यावर मला सुचतं ते असं. मुलांना आधी चाळीसेक ओळींचा कोड द्या. ओरलला त्यातली एक ओळ बदलून किंवा काढून कागदावर द्या आणि विचारा, आता आउटपुट काय येईल? उत्तर एकच असतं, बरोबर की चूक, वाद नाही. प्रत्येकाला वेगळी ओळ दिली तर कॉपीही होत नाही.

कोणता कोड, तर माझी सूचना गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या टूलच्या) पहिल्या कमिटची, म्हणजे पहिल्या नोंदीची आहे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये केलेली, सी भाषेत, सगळं मिळून हजारेक ओळी. गिटच्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) ती आहे, कुणालाही उघडता येते. रोज ज्या हत्याराला हात लावतो त्याचाच तो पहिला मसुदा आहे, आणि सी आपल्याला येतं. सोलापूरकर, कॅट-फाइल.सी पासून सुरू कर, ती एका स्क्रीनवर मावते. तिथून रीड-कॅश.सी कडे जायला लागतं, खरी मजा तिथे आहे. शनिवारी दुपारी माझ्या खोलीवर आम्ही दोघं-तिघं हेच उघडून बसणार आहोत. नारायण पेठेतून चालत येण्याएवढं अंतर आहे.

लॅब_क्रमांक_दोन

ओळ बदलून देण्याची कल्पना चांगली आहे, पण बाहेरच्या परीक्षकांना त्याच दिवशी ते मान्य व्हायला हवं. टर्मवर्कच्या मार्कांत मात्र ते मला करता येईल, तिथे अधिकार माझा आहे. पुढच्या असाइनमेंटला लिंक्ड लिस्ट आहे, तिच्यावर करून बघते. वीस वेगळ्या ओळी काढायला मला कुणीतरी मदत करा.