जुन्या फ्रान्सिस रनरचं लेझर स्कॅनिंग: सल्ला हवा

टेलरेस:
नमस्कार मंडळी. धरणाच्या पायथ्याशी दीड मेगावॉटचं छोटं जलविद्युत केंद्र चालवतो. आडव्या शाफ्टचं फ्रान्सिस टर्बाइन, हेड (पाण्याच्या पातळीतला फरक) 30 मीटर, 375 आरपीएम. रनरला, म्हणजे पाण्यानं फिरणाऱ्या चाकाला, 13 ब्लेडं, पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी व्यास 950 मिमी. बनवणारी कंपनी कधीच बंद झाली, ड्रॉइंग नाही. मशीनमधल्या रनरला कॅव्हिटेशननं (पाण्यातले बुडबुडे फुटून बसणाऱ्या मारानं) पोखरून मधाच्या पोळ्यासारखं केलंय. दरवर्षी वेल्डिंग भरून घासतो, आता मूळ आकार कोणता ते आम्हालाच सांगता येत नाही. शेडमागे एक बाद रनर पडलाय. त्याच्या चार ब्लेडांना तडे आहेत, बाकीची बरी दिसतात. त्याचं स्कॅन करून 13/4 (13 टक्के क्रोमियम, 4 टक्के निकेल) स्टेनलेसमध्ये नवा ओतायचाय. स्कॅन आणि कॅड (संगणकावरचं ड्रॉइंग) मिळून बजेट दोन लाख. रब्बीचं आवर्तन सुटायच्या आत मापं हातात हवीत. कुणाकडून आणि कशानं करावं?

लेथवाला:
साहेब, बाहेरून करून घेण्यापेक्षा स्वतःचा हँडहेल्ड लेझर स्कॅनर घ्या. मी कर्ज काढून हँडीस्कॅन घेतला, आज भोसरीतली निम्मी पंप इंपेलरची कामं माझ्याकडे येतात. अचूकता 0.03 मिमीच्या घरात. ठिपक्यांचे स्टिकर लावायचे, चकचकीत भागावर पांढरा स्प्रे मारायचा, अर्ध्या दिवसात काम उरकतं.

टेलरेस:
दादा, बजेट दोन लाख आहे.

साचेकर कोल्हापूर:
0.03 घेऊन काय करणार? ओतकाम थंड होताना स्टेनलेस मीटरमागं 20 मिमीच्या आसपास आक्रसतंय. आमच्या वडिलांनी पत्र्याची टेम्प्लेटं आणि प्लास्टरवर आख्खा रनर उभा केलेला, अजून फिरतोय. दोन ब्लेडांच्या मधल्या पोकळीत प्लास्टर ओता, सुटं करून काढा, त्यावरून पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना.

लेथवाला:
@साचेकर, आक्रसणं पॅटर्नमध्ये धरता येतं. माप चुकलं तर ते कुठे धरणार? आणि वाकड्या ब्लेडांमध्ये अडकलेलं प्लास्टर न फोडता काढून दाखवा.

साचेकर कोल्हापूर:
दोन तुकड्यांत काढतात. या एकदा शिरोलीला, दाखवतो.

सतलजकाठी:
नोकरीनिमित्त हिमाचलात आहे. स्कॅनर कुठलाही घ्या, पण तो आज जे उरलंय तेच मोजतो. इथल्या पाण्यात क्वार्ट्झची वाळू, मोहस कडकपणा 7. सतलजवरच्या नाथपा झाकरी वीजकेंद्राची 250 मेगावॉटची सहा फ्रान्सिस मशीनं याच वाळूशी झगडतात, म्हणून रनरवर टंगस्टन कार्बाइडचा लेप देतात. झिजलेला रनर जसाच्या तसा कॉपी केलात तर झीज छापून घ्याल. सगळी तेरा ब्लेडं स्कॅन करून एकमेकांवर बसवा. जिथे बहुतेक जुळतात तो मूळ आकार, जिथे फाटे फुटतात ती झीज किंवा वेल्डिंग. त्यातून एकच ब्लेड पक्कं करायचं आणि 360 भागिले 13 या कोनानं फिरवायचं. बाहेर पडायच्या कडेची जाडी विशेष बघा, ती बोथट राहिली तर कंप सुरू होतो.

नवा_गडी:
मी ऐंशी हजारांचा स्ट्रक्चर्ड लाइट (प्रकाशाच्या पट्ट्या टाकून मोजणारा) स्कॅनर घेतला. घरची गणपतीची मूर्ती इतकी सुंदर आली की सोंडेवरची नक्षीसुद्धा दिसते. तोच घ्या.

लेथवाला:
मूर्ती वीतभर, रनर मीटरभर. अंतर वाढलं की तुकडे जोडताना चूक साचत जाते.

मायक्रोमीटर:
माझ्यावर बेतलेलं सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका सर्व्हिसवाल्याकडून गाईड व्हेन (रनरकडे पाणी वळवणाऱ्या पात्या) स्कॅन करून घेतल्या. पैसे चुकते केल्यावर फक्त एसटीएल फाइल दिली, नुसते लाखो त्रिकोण, सीएनसीवाल्यानं हात जोडले. पृष्ठभाग नव्यानं बांधायला दुसऱ्याला तितकेच पैसे मोजले. ऑर्डरमध्येच लिहून घ्या: स्टेप फाइल (सलग पृष्ठभागांचं कॅड), मूळ मेश (त्रिकोणांची जाळी), आणि दोन्हींतला फरक रंगानं दाखवणारा नकाशा.

दुसरं, शाफ्टचं बोअर (भोक) आणि वेअर रिंगचे (रनरवरच्या झिजणाऱ्या कड्यांचे) व्यास स्कॅनवरून कधीच घेऊ नका. ते बोअर गेज आणि मायक्रोमीटरनं, सकाळी लवकर, रनर सावलीत असताना. पोलाद मीटरला अंशामागे सुमारे 11 मायक्रॉन वाढतं. 20 अंशांचा फरक म्हणजे 0.2 मिमी.

पाणीपट्टी:
अवांतर: तुम्हाला विजेचा दर काय मिळतो? आमच्याकडे आवर्तन पुढे ढकललं की महिनाभर मशीन बंद आणि कर्जाचा हप्ता चालू.

लेथवाला:
वर म्हटलंच आहे, पांढरा स्प्रे मारा. आपोआप उडून जाणारा घ्या, नंतर पुसत बसावं लागत नाही.

टेलरेस:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाद रनरपाशी टेप घेऊन बसलो. तोंडाशी दोन ब्लेडांमधलं अंतर जेमतेम 90 मिमी, आत हात कोपरापर्यंत जातो आणि पुढे ब्लेड वळतं. हँडहेल्डला साधारण फूटभर अंतर लागतं, म्हणजे मधला पोटाचा भाग दिसणारच नाही. एकाकडून दर मागवला, त्यानंही तो भाग "अंदाजे पुरा करू" असं लिहून दिलं. तर असा विचार आहे की रनर कापायचा. दोन चांगली शेजारची ब्लेडं सुटी करून मोजमापाच्या सांधेदार आर्मवरच्या छोट्या लेझर प्रोबनं दोन्ही बाजूंनी घ्यायची.

साचेकर कोल्हापूर:
कापू नका! आख्खा रनर पुन्हा मिळायचा नाही.

लेथवाला:
प्रथमच साचेकरांशी सहमत. कापू नका.

मायक्रोमीटर:
माझंही तेच मत. ओतकामात ताण कोंडलेला असतो. कापलं की ब्लेड उमलतं, मिलिमीटरभर सहज. गॅसनं कापलंत तर आणखी.

सतलजकाठी:
कापायची वेळ शेवटी आणा. आधी तेराही ब्लेडांचा दिसेल तेवढा भाग घ्या.

टेलरेस:
ठरलं, कापतोय. पण आधी आख्ख्या रनरच्या दोन्ही तोंडांचं स्कॅन, म्हणजे तेरा ब्लेडांच्या आत शिरायच्या आणि बाहेर पडायच्या कडा जागच्या जागी मिळतील. मग गॅस न वापरता बँडसॉनं, पाणी सोडत कापणार. सुट्या ब्लेडाच्या कडा आधीच्या स्कॅनवर बसवून बघायच्या, उमललं असेल तर किती ते तिथेच कळेल. बोअर आणि वेअर रिंग कापण्याआधी मायक्रोमीटरनं मोजून वहीत लिहिलीत, पहाटे सहाला. दोन्ही स्कॅन, कापणी आणि स्टेप फाइल मिळून एक लाख नव्वद हजारांत बसतंय. साचेकर, पॅटर्नसाठी पुढच्या आठवड्यात शिरोलीला येतो.