ख्रिसमस क्रॅकर घरी बनवतेय, आवाजच येत नाही आणि नीट फाटतही नाहीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, क्रॅकर म्हणजे दिवाळीतला फटाका नाही आणि बिस्किटही नाही. इथे इंग्लंडमध्ये ख्रिसमसच्या जेवणाला प्रत्येकाच्या ताटाशेजारी गोळीच्या वेष्टनासारखं दोन्हीकडून पिळलेलं कागदी नळकांडं ठेवतात ना, ते. दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं, टक्कन आवाज होतो आणि मधली नळी ज्याच्या हातात राहील त्याला आतलं सगळं मिळतं, म्हणजे टिश्यू पेपरचा मुकुट, एक चिठ्ठी आणि छोटीशी भेटवस्तू.

आम्ही रेडिंगला असतो. यंदा २५ तारखेला आमच्याकडे दहा जण जेवायला आहेत, नणंदेच्या घरचे, नवऱ्याच्या ऑफिसमधले दोघं आणि शेजारच्या आजी. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं, त्या पहिल्या ख्रिसमसला या आजींनीच घरी बोलावलं होतं आणि आयुष्यातला पहिला क्रॅकर मी त्यांच्याबरोबर ओढलाय. त्यांचे यजमान होते तोवर ते दोघं मिळून क्रॅकर घरीच करायचे, असं त्या अजून सांगतात. म्हणून मला विकतचे नकोच आहेत.

आतलं सगळं तयार आहे. खणाच्या कापडाचे इवलेसे बटवे शिवलेत, आजींच्या बटव्यात वेलची घातलीय कारण आमच्याकडे आल्या की चहाच्या आधी डबी उघडून वास घेतात. चिठ्ठीवर इथे पाचकळ विनोद असतात, त्याऐवजी मी मराठी कोडी लिहिलीत, खाली इंग्रजी अर्थ. 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया', 'हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली' वगैरे. भाच्यांना यातलं एकही येत नाही, ते मला फार लागलंय.

आता प्रॉब्लेम. टॉयलेट रोलच्या नळ्या घेतल्या, जाड चकचकीत गिफ्ट रॅप ४० सेंटीमीटर लांब कापला, आवाजाच्या पट्ट्या म्हणजे स्नॅप विकत आणले, पट्टी नळीत मधोमध सेलोटेपने चिकटवली आणि दोन्हीकडे रिबिनीने घट्ट गाठ मारली. तीन करून बघितले. एकाचा आवाजच नाही, दुसऱ्याचा कागद फाटेना, मी आणि नवरा अक्षरशः रस्सीखेच खेळल्यासारखे ओढत होतो, तिसऱ्यात पट्टी अख्खी एका बाजूने निघून आली. आजींच्या बोटांना संधिवात आहे, त्यांना एवढा जोर लागणारच नाही. कुणी बनवलेत का घरी? काय चुकतंय?

प्रतिसाद:
ताई, टेपच चुकलीय. स्नॅप म्हणजे दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या मध्ये एकमेकींवर आलेल्या असतात, तिथे सिल्व्हर फल्मिनेट या स्फोटक रसायनाचा अगदी कणभर लेप असतो, पट्ट्या घासत सरकल्या की तो फुटतो. तुम्ही तोच जोड टेपने बंद केलात, मग सरकणार कशा? टेप लावायचीच तर पट्टीच्या दोन टोकांना, कागदाच्या आतल्या बाजूला. दुसरं म्हणजे कागद स्नॅपपेक्षा लांब नको. स्नॅप साधारण २८-३० सेंटीमीटरचा असतो, कागद तेवढाच घ्या, रुंदी १७-१८ पुरते. आणि ओढताना कागदाबरोबर पट्टीचं टोकही चिमटीत आलं पाहिजे, नुसता कागद धरला तर आवाज होत नाही, हे जेवायला बसल्यावर सगळ्यांना सांगा. आजींसाठी चकचकीत कागद सोडा आणि क्रेप पेपर घ्या. तसाही चकचकीत कागद चुरगळून सोडला की परत उलगडतो, तो रिसायकलला चालत नाही.

प्रतिसाद:
अगं गाठ घट्ट मारू नकोस. मी अशी करते, मधल्या नळीच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक नळी ठेवायची, मध्ये तीनेक सेंटीमीटर फट, कागद गुंडाळून चिकटवायचा, मग त्या फटीत जाड दोऱ्याचा एक वेढा देऊन हळूच आवळायचा, घडी पडली की दोरा काढून टाकायचा आणि वर रिबीन फक्त शोभेपुरती सैल बांधायची. बाजूच्या नळ्या शेवटी काढून घे. एक बाजू आवळली की आधी बटवा, मुकुट, चिठ्ठी भर, मग दुसरी, मी पहिल्यांदा दोन्ही बाजू बांधून बसले होते. आजींच्या क्रॅकरला गुंडाळायच्या आधीच त्या फटीच्या जागी कटरने बारीक बारीक चिरा दे, तयार पुठ्ठ्याच्या किटमध्येही तशी भोकं असतात, तिथूनच फाटतं. आणि एक, हे डिसेंबरात पुण्याला न्यायचा विचार असेल तर नको, बऱ्याच एअरलाइन्स क्रॅकर सामानात घेऊ देत नाहीत.

धागाकर्ती:
दोघींचे मनापासून आभार! लहान भाचा आठ वर्षांचा आहे, त्याच्या हातात द्यावा का? पाकिटावर लहान मुलांना विकू नये असं लिहिलंय.

प्रतिसाद:
तो नियम विकण्याचा आहे, पण सुटे स्नॅप त्याच्या हाती लागू देऊ नका. मोठ्यांबरोबर, हात लांब करून, तोंडापासून दूर धरून ओढू दे.

धागाकर्ती:
आत्ता एक करून बघितला. लाल क्रेप, २९ सेंटीमीटर, टेप फक्त टोकांना, फटीच्या जागी सहा-सहा चिरा. आजींसारखं नुसत्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी धरून ओढला, टक्क झालं आणि बटवा टेबलावर पडला. घरभर तो जळक्या काडीसारखा वास आला, पहिल्या वर्षी आजींच्या डायनिंग टेबलावर आला होता तसाच. उद्या मुलं झोपली की दहाही करायला बसते.