डेबियनचं आपोआप इन्स्टॉलेशन भाषेच्या प्रश्नावर अडतंय

प्रश्न:
१८ कॉम्प्युटरवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकायचंय. प्रीसीड फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) वेब सर्व्हरवर आहे, भाषा आणि कीबोर्ड दोन्ही तीत लिहिलेत, तरी प्रत्येक मशीन सुरुवातीलाच भाषा विचारतं. काल रात्री एकेकापुढे जाऊन एंटर मारत बसलो होतो. त्यात एका मशीनवर इन्स्टॉलर ज्यावरून सुरू केला त्या पेन ड्राइव्हचीच पार्टिशनं करायला निघाला. शेवटची खात्री विचारणारा पडदा आला म्हणून वाचलो.

उत्तर १:
तुमची फाइल नेटवर्कवरून येते आणि भाषा नेटवर्क सुरू व्हायच्या आधीच विचारली जाते. बूटच्या ओळीत 'ऑटो=ट्रू प्रायॉरिटी=क्रिटिकल' घाला, म्हणजे ते प्रश्न फाइल हातात येईपर्यंत मागे ढकलले जातील. किंवा फाइल इनिटआरडीमध्येच (इन्स्टॉलर सुरू होताना मेमरीत येणारी छोटी फाइल सिस्टिम) भरा, ती सगळ्यात आधी वाचली जाते.

उत्तर २:
पेन ड्राइव्हचं मला जास्त काळजीचं वाटतं. फाइलमध्ये डिस्क 'एसडीए' (लिनक्स पहिल्या सॅटा किंवा यूएसबी डिस्कला देतं ते नाव) लिहिलीये ना? एनव्हीएमई (वेगळ्या नावाने दिसणारी वेगवान आतली डिस्क) असलेल्या मशीनवर ते नाव बहुधा पेन ड्राइव्हलाच मिळतं. पार्टमनच्या (इन्स्टॉलरचा पार्टिशनं करणारा भाग) अर्ली कमांडमध्ये, म्हणजे पार्टिशनं करण्याआधी चालणाऱ्या कमांडमध्ये, छोटी स्क्रिप्ट टाकून आतली डिस्क शोधा आणि तिचं नाव तिथेच ठरवा. ते नीट चालेपर्यंत खात्रीच्या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये अजिबात लिहू नका.

प्रश्नकर्ता:
ऑटो घातल्यावर भाषा विचारायची थांबली, मनापासून आभार! डिस्कची स्क्रिप्ट आधी एकाच मशीनवर चालवून बघतो. मराठी फॉन्ट लेट कमांडमध्ये (इन्स्टॉलेशनच्या शेवटी चालणारी कमांड) 'इन-टार्गेट' (कमांड नव्या सिस्टिमच्या आत चालवणारं) लावून टाकले, तेही बसले.