जुनी दफनभूमी सकाळी फिरायला खुली करावी का?

धुऱ्यावरचा:
विदर्भातल्या तालुक्याच्या गावांत बगिचा सहसा नसतोच, आणि असला तर त्यात पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचा रंगवलेला बिबट्या. गावातली जुनी चिंच, जुना कडुनिंब मात्र कब्रस्तानात, ख्रिस्ती दफनभूमीत नाहीतर स्मशानाच्या कडेला उभा दिसतो, कारण तिथलं लाकूड घरी न्यायला कुणी धजत नाही. जिथं नवीन दफन बंद झालं आहे, अशा जागा सकाळी ६ ते ९ खुल्या कराव्यात असं माझं मत. कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीटची दफनभूमी १७६७ची, आज लोक तिथं सावलीत फिरतात आणि थडग्यांवरचे लेख वाचतात. आपल्याकडे हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. १८०२ला मद्रासहून भारताच्या जमिनीची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा हा माणूस जानेवारी १८२३मध्ये नागपूरकडे जाताना तिथं वारला. शाळेच्या सहलीला यापेक्षा चांगला भूगोल कुठं मिळेल?
४ फुटांची मुरमाची पायवाट, दोन दगडी बाक आणि एक फाटक एवढंच करायचं. लॉन नको, हायमास्ट नको, ओपन जिम तर नकोच.

काळी_माती:
माझा विरोध त्या पायवाटेपासूनच सुरू होतो. काळी कन्हारी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पडतात. अशा मातीत कबरीवरची भर वर्षानुवर्षं खचत राहते, आणि दगड नसलेल्या कबरी दगड असलेल्यांपेक्षा जास्त असतात. हिंदू घरांतही लहान लेकरांना पुरतात, तिथं तर खूणही नसते. आता मुरमाची वाट म्हटली की ठेकेदार जेसीबी आणणार, अर्धा फूट काळी माती उकरणार आणि बाजूचे उंचवटेही सपाट करून देणार. बिलात त्याला "जमीन समतल करणे" म्हणतात.
दुसरा धोका डागडुजीचा. जुनी थडगी विटा-चुन्याची असतात. जमीन हलली की चुन्याचा सांधा थोडा हलून घेतो, सिमेंटचा हलत नाही. शिवाय सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, क्षार विटेत जमतात आणि चार-पाच पावसाळ्यांत विटेचा दर्शनी भाग पापुद्र्यांनी सुटतो. वरून ऑइलपेंट मारला तर आणखी लवकर. लोकांना खुलं करायचं म्हटलं की आधी रंगच निघतो.

धुऱ्यावरचा:
मग वाट खोदूच नये. एप्रिलमध्ये गवत नसतं तेव्हा खुंट्या आणि सुतळीने १०-१० मीटरचे चौकोन आखायचे, खचलेली प्रत्येक जागा कागदावर घ्यायची, आणि वाट त्या टाळून फक्त गवत कापून दाखवायची. लोखंडी पहार खुपसून तपासायचं नाही. पावसाळ्यात, जमीन वाफशावर येईपर्यंत, म्हणजे जादा ओल निघून जाईपर्यंत, फाटक बंद. चुन्याच्या भेगा चुन्याने भरायच्या आणि रंग कशालाच द्यायचा नाही.

तरोटा:
गवताचं कुणी बोलत नाही, खरी अडचण तिथं आहे. मोकळी जागा दिसली की गाजर गवत येतं, घाणेरी येते. गाजर गवत फुलायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावं लागतं. हातमोजे हवेतच, कातडीला खाज सुटते. फुलावर आल्यावर कापलं तर बी सगळीकडे पसरतं आणि बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. स्वस्त उपाय तरोट्याचा, म्हणजे टाकळ्याचा. शेंगा वाळल्या की हिवाळ्यात बी गोळा करायचं आणि पावसाआधी फेकायचं. तरोटा दाट उगवून गाजर गवताला दाबतो.
बाकीचं गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापून न्यायला जनावरंवाल्यांना फुकट द्या. पण बकऱ्या आत सोडू नका, रोपटं एक राहणार नाही. कुसळ उभं राहिलं तर फेब्रुवारीनंतर एका बिडीने सगळं पेटतं. कुंपणाच्या आतून ३ मीटर पट्टा साफ ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा:
काहून बाप्पा, बगिच्याची एवढी घाई कोनाले झाली? पहिले स्मशानात जायची पांदण, कच्ची वाट, तं पाहा. जुलै-ऑगस्टात मयत न्यायची म्हनलं तं खांदेकरी गुडघाभर गाऱ्यातून चालते. शेडवर पत्रे नाईत. ३०० किलो लाकूड लागते सरणाले, थे भिजलं तं पेटत नाई, मंग लोक टायर टाकते. राख सावडाले गेलेल्या माणसाले हात धुवाले नळ नाई. जनसुविधा योजनेचे सरकारी पैसे आले तं शेड, रस्ता, पानी, ह्या तीन गोष्टी आंधी करा. अन् एका गावात एक स्मशान कुठं हाय? जातीजातीचं येगळं हाय. कोनतं सजवसान? ज्याच्या पाटलाचा वट जास्त, तेच सजन.

धुऱ्यावरचा:
भाऊ, शेडचा पैसा तोडून झाडं लावा असं कुणी म्हटलेलं नाही. मी दफन बंद झालेल्या जागांबद्दल बोलतोय, चालू दहनभूमीत सकाळी चकरा मारायला मीही सांगणार नाही. वेगवेगळ्या स्मशानांचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

गाव_नमुना:
जागा कुणाची हे आधी सातबाऱ्यावर पाहा. कब्रस्तान वक्फकडे नोंदलेलं असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही, वक्फ मंडळाची आणि गावच्या मुस्लिम जमातची संमती लागते. ख्रिस्ती दफनभूमी असेल तर चर्चची. केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई. नागपूर-काटोल रस्त्यावर जुनापाणीची शिळावर्तुळं ही लोहयुगातली दफनंच आहेत, सुमारे ३००. तिथं खड्डे खोदून "हरित स्मशान" करू नका म्हणजे झालं. गडचिरोली-चंद्रपूरकडे गोंड कुटुंबं पूर्वजांचे दगड आजही पुजतात. तो कुणाचा बगिचा नाही, त्यांना विचारल्याशिवाय तिथं बाकही ठेवू नये.

काळी_माती:
झाडांबद्दलही लिहितो, कारण वनमहोत्सवात जे मिळेल ते लावतात. थडग्याजवळ वड, पिंपळ, उंबर नको. सांध्यात पिंपळ उगवला तर ओढून काढू नका, विटाच बाहेर येतात. बुंध्याशी कापा आणि लगेच तणनाशकाचा बोळा लावा. गुलमोहर वादळात मोडतो, सुबाभूळ चार वर्षांत रान करते. कडुनिंब, करंज, बहावा ठीक, तेही कुंपणालगत, कबरींपासून लांब. खड्डा २ बाय २ बाय २ फूट, मे महिन्यात खोदून उन्हात तापू द्यायचा, लागवड दोन चांगले पाऊस झाल्यावर. पुढचे दोन उन्हाळे दर चौथ्या दिवशी झाडामागे १० लिटर. १०० झाडं म्हणजे एका पाळीला १,००० लिटर. मे महिन्यात गावालाच टँकर येत असेल तर हे पाणी कुठून आणणार? २० झाडं लावा. जुनी चिंच आहेच.

वऱ्हाडी_ठेचा:
२० झाडाले हरकत नाई. फाटकाची चाबी कोनापाशी राहीन?

गाव_नमुना:
कोतवालाकडे देतो म्हणतात, पण तो महसूल खात्याचा, त्याला ग्रामपंचायत हे काम लावू शकत नाही. ग्रामपंचायतीच्या शिपायाचं नाव आणि त्याला द्यायचा जादा मोबदला ठरावातच लिहावा लागेल. १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडला तर खड्डे त्याच महिन्यात होतात. १५ ऑगस्टवर ढकलला तर वर्ष गेलं.

वऱ्हाडी_ठेचा:
मंग १ मेले त्याच ठरावात पांदनीचा मुरूमबी टाका. नाई तं हात वर होनार नाई.