'तसली माणसं गावाबाहेर ठेवा' म्हणणाऱ्यांना

रानजाई (धागाकर्ती):
परवा इथेच 'बी-विंग' यांनी लिहिलं. त्यांच्या सोसायटीतला तीन बेडरूमचा फ्लॅट एका संस्थेने भाड्याने मागितलाय. मानसिक आजारातून आणि व्यसनातून सावरणारे सहा पुरुष तिथे राहतील, सोबत चोवीस तास एक काळजीवाहक. त्यावर त्यांचं म्हणणं, 'सहानुभूती आहे, पण अशी केंद्रं गावाबाहेर असावीत, इथे लहान मुलं राहतात.' खाली किती जणांनी 'अगदी मनातलं बोललात' म्हटलंय! दोन रात्री डोक्यातून जात नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझ्या धाकट्या भावाला एकविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. कानातले आवाज बंद व्हावेत म्हणून तो दारू प्यायला लागला, आणि आमची टोलवाटोलवी सुरू झाली. व्यसनमुक्तीवाले म्हणायचे, भास होणारा पेशंट आम्ही घेत नाही, आधी डोक्याचं बघा. मानसोपचारवाले म्हणायचे, आधी दारू सोडवून आणा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार आजारातच धरतो. दारात उभं राहिलं की मात्र दोन वेगळ्या खिडक्या.

आई गेल्यावर तो चार वर्षं रुग्णालयात होता. त्यातली शेवटची दोन वर्षं डॉक्टर सांगत होते, घेऊन जा, आता इथे ठेवायची गरज नाही. नेऊ कुठे? माझं घर एका बेडरूमचं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी दहावीला. रोज रडत होते, पण नेलं नाही. हे मी इथे उघड लिहितेय.

शेवटी अशाच एका फ्लॅटमध्ये जागा मिळाली. पहिल्या रविवारी आम्ही दोघं चहाला बाहेर निघालो. दार ओढून घेतलं तर हा तिथेच उभा. म्हटलं, चल ना. तर म्हणाला, 'ताई, कुलूप लावायला कोणी आलं नाही अजून.' किल्ली त्याच्याच खिशात होती. चार वर्षं सगळी दारं दुसऱ्यांनी लावली होती. आता तो किल्ली नाडीला बांधून गळ्यात घालतो.

हे गावाबाहेर होत नाही. कुलूप लावून चहाला जायला खाली रस्ता लागतो, टपरी लागते, 'काय आज उशीर?' विचारणारा माणूस लागतो.

बी-विंग:
ताई, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण मला खलनायक करू नका. मी सेक्रेटरी आहे. रात्री दोनला काही झालं तर फोन मला येतो. सहा माणसं, एक काळजीवाहक. तो आजारी पडला तर? कोणी गोळ्या बंद केल्या तर? आमच्याकडे चौथ्या मजल्यावर एका आजोबांनी गॅस चालू ठेवला होता. ते स्मृतिभ्रंशाचे, मान्य, पण त्या दिवशी सगळी बिल्डिंग खाली उभी होती. आणि उदाहरणं कसली देता? डॉ. भरत वटवानी कर्जतला हेच काम करतात, मॅगसेसे मिळालंय २०१८ ला. ते रस्त्यावरच्या रुग्णांना बरं करून त्यांच्या घरी पोचवतात. म्हणजे घर हेच उत्तर. सोसायटी नव्हे.

रानजाई:
ज्यांना घर आहे त्यांचं बोलताय तुम्ही. ज्यांना नाही त्यांचं काय? त्याच कायद्याचं कलम १९ वाचा. कुटुंब नाही, किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणासाठी कुणाला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. कलम १८ मध्ये हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधल्या पायरीचं घर) आणि आधार असलेल्या निवासाची सोय करणं ही सरकारची जबाबदारी म्हटलीय. गौरव कुमार बन्सल खटल्यात सुप्रीम कोर्टानेही राज्यांना तेच बजावलं.

ओंटारियोचा_पाटील:
कॅनडातलं सांगतो. २००९ ते २०१३ मध्ये इथे पाच शहरांत 'अॅट होम' नावाचा मोठा प्रयोग झाला. व्हँकुव्हर, विनिपेग, टोरंटो, माँट्रियल, मंक्टन. दोन हजारांहून जास्त माणसं, बेघर आणि मानसिक आजार असलेली, बऱ्याच जणांना व्यसनही. अर्ध्यांहून जास्त जणांना 'आधी सुधारा मग घर' असं न म्हणता सरळ घर दिलं आणि मदतनीस जोडून दिले. नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा ही माणसं कितीतरी जास्त काळ घरात टिकली. व्यसनात मात्र दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही, तेही सांगायला हवं.

बी-विंग:
हे बघा! तुमच्याच बाजूचे पाटीलसाहेब म्हणतात दारू सुटली नाही. मग आम्ही काय चुकीचं बोललो?

ओंटारियोचा_पाटील:
अहो, सुटली नाही असं नाही, तुलनेत फरक नाही, एवढंच. रस्त्यावर ठेवूनही सुटत नव्हती. निदान झोपायला दार असलेली खोली मिळाली. रानजाईताईंच्या भावाच्या फ्लॅटमध्ये दारू चालतच नसेल, तो प्रकार वेगळा आहे.

शेवग्याची_शेंग:
सगळे व्यसनी व्यसनी करताय. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर बिअर शॉपी आहे. रोज संध्याकाळी सातला पार्किंगमध्ये टोळकं. तेव्हा 'इथे लहान मुलं राहतात' कुणाला आठवत नाही! पिणारे चालतात, सोडू बघणारे चालत नाहीत.

माणदेशी:
शेंगताईंना शंभर टक्के. आमच्या गावात बायकांनी बाटली आडवी केली, म्हणजे मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं. सह्या गोळा करायला तीन महिने, एका एका बाईच्या दारात चार वेळा. मतदानादिवशी नवरे टेम्पो भरून शेतावर न्यायला लागले बायकांना, मत देऊ नये म्हणून. तरी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली. शहरातल्या सोसायट्यांना एक सही जड जाते.

बी-विंग:
शहरात ते एवढं सोपं नाही. परवाना मिळाला की आमच्या हातात काय? २०२५ च्या मार्चमध्ये अजित पवारांनी विधानसभेत सांगितलं की सोसायटीतल्या गाळ्यात नवं दारूचं दुकान काढायला सोसायटीचं ना हरकत पत्र लागेल. आधीच्या दुकानांचं काय?

माणदेशी:
मग मतदान मागा की! वॉर्डातही घेता येतं. आमच्या बायका अंगठा लावून लढल्या, तुम्ही इंग्रजीत नोटिसा काढता.

बी-विंग:
तोंड सांभाळून बोला. दारूबद्दल मला शिकवू नका. माझा सख्खा मोठा भाऊ त्यात गेलाय. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, वजन वाढलं होतं, चेहरा उजळला होता. आईने पुरणपोळ्या केल्या. पाचव्या दिवशी बिल्डिंगखालच्या परमिट रूममध्ये सापडला. दीड वर्षात संपला. म्हणून विचारतो, जिथे खाली वाईन शॉप आहे अशा बिल्डिंगमध्ये सुटू पाहणाऱ्या माणसाला आणून ठेवणं ही मदत आहे की घात? गावाबाहेर म्हणालो ते यासाठी. द्वेषाने नव्हे.

रानजाई:
हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर मी असं तोडून बोलले नसते. पण एक विचारते. तुमचे भाऊ केंद्रातून थेट घरी आले ना? मध्ये काहीच नव्हतं. मी ज्या फ्लॅटबद्दल लिहितेय तो नेमका त्या मधल्या पायरीचा आहे.

चिंचेचं_झाड:
मी अशाच एका घरात सात वर्षं काळजीवाहक आहे, म्हणून बोलते. गावाबाहेर दारू नसते हे कुणी सांगितलं? हायवेच्या ढाब्यावर मिळते, आणि तिथे आमचा माणूस पडला तर बघायला कोणी नाही. आमच्याकडे पहिले तीन महिने कोणी संध्याकाळी एकटं बाहेर जात नाही. हातात रोख पैसे थोडे. रात्री नऊला गोळ्या, मी समोर बसते, पाणी प्यायल्यावर दोन वाक्यं बोलायची, गोळी जिभेखाली ठेवली असेल तर बोलताना कळतं. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचं औषध घेणाऱ्यांची रक्ततपासणी चुकवायची नाही. कोणी दोन रात्री झोपलं नाही की तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन. आजार उलटायच्या आधी बहुतेक वेळा झोप जाते. घरच्यांच्या ते लक्षात येत नाही, त्यांनाही कामं असतात.
पण सेक्रेटरीसाहेबांचा एक मुद्दा बरोबर आहे. सहा जण जास्त होतात. चेन्नईची बॅनियन संस्था 'होम अगेन'मध्ये चार-पाच जणांचं घर करते, साध्या वस्तीत, दारावर पाटी न लावता. रत्नागिरीतही त्यांचं काम आहे. आणि नोंदणी विचारा, जरूर विचारा. २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं आगीत गेली. ज्यांना कोणी काही विचारत नाही, अशाच जागी ते होतं.

सदरा_झब्बा:
कायद्याचं एक. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं. जास्तीत जास्त सेवाशुल्काच्या १० टक्के बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याचा आकार) घ्या. तेव्हा सभेत 'नामंजूर' ठराव करून उपयोग नाही.

बी-विंग:
नियम मलाही पाठ आहेत. पण उद्या सगळी बिल्डिंग तोंड फिरवून बसली तर त्या सहा जणांचं काय होईल? ठरावाने राहता येईल, शेजार मिळणार नाही.
चिंचेचं झाडताई, तुम्ही लिहिलेलं झोपेचं मला माहीत नव्हतं. दादाही शेवटचे दोन दिवस गॅलरीत येरझाऱ्या घालत होता. आम्हाला वाटलं, उकडतंय.

रानजाई:
...

चिंचेचं_झाड:
कुणालाच कळत नाही हो ते. मला सात वर्षं झाली, तरी मागच्या वर्षी एकाचं चुकलं माझ्याकडून.

बी-विंग:
माझं मत बदललंय असं समजू नका. सहाला माझा विरोध आहे, सभेतही राहील. चार जण असतील, नोंदणीचा कागद असेल आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर सूचना फलकावर लागणार असेल, तर विषय ठेवतो. रविवारी साडेदहाला क्लबहाऊसमध्ये. संस्थेच्या माणसाला पाठवा, पण काळजीवाहकच हवा, ऑफिसातला साहेब नको. मला रात्रीचं विचारायचंय.

शेवग्याची_शेंग:
आणि बिअर शॉपीचा विषय?

बी-विंग:
तोही घेतो. सह्या तुम्ही गोळा करा.