मदत हवी आहे : दादरा-नगर हवेली, सरंजाम आणि हेगचा निकाल

नमस्कार मंडळी,

वाचता वाचता एका ठिकाणी अडकलोय, जाणकारांनी सोडवावं.

१७७९ च्या पुण्याच्या तहात पेशव्यांनी पोर्तुगिजांना काही गावांचा (म्हणजे पुढच्या दादरा-नगर हवेलीचा) महसूल दिला. त्यावरून पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगाल आणि भारत यांच्यात वाद झाला : पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या दमणहून तिथे जायला भारताच्या मुलखातून वाट मिळण्याचा पोर्तुगालला हक्क आहे का? मराठी मजकुरात दिलेला हक्क सरंजामाचा, म्हणजे वसुलीपुरता आहे, मुलखाची मालकी दिलेली नाही, हे न्यायालयाला पटलं. (सरंजामावर हेगमध्ये खल झाला, याची मला भारी गंमत वाटते!) पण लगेच पुढे असंही म्हटलंय की नंतर इंग्रजांनी पोर्तुगिजांचं सार्वभौमत्व मानलं आणि भारतानेही ते मुकाट्याने चालू ठेवलं. मग नुसत्या वहिवाटीने सरंजामदार मालक होतो का? माझी गाडी इथेच रुतलीय.

एप्रिल १९६० चा निकालही असाच दोन्ही डगरींवर हात ठेवणारा वाटतो. पोर्तुगालच्या नागरिकांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला दमणहून वाट होती, सैन्य-शस्त्रांना नव्हती. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली यात काही चुकलं नाही.

दुसरा प्रश्न : १९५४ ते ऑगस्ट १९६१ दादरा-नगर हवेलीत वरिष्ठ पंचायतीचा, म्हणजे पोर्तुगिजांना हटवल्यावर आलेल्या स्थानिक मंडळाचा, कारभार होता. कायद्याच्या भाषेत तेव्हा तो प्रदेश नेमका कोणाचा? पोर्तुगालने तर भारताचं सार्वभौमत्व १९७४ च्या करारात मान्य केलं.

तहाचा मूळ मराठी मजकूर कोणी पाहिलाय का? पुण्याच्या पेशवे दफ्तरात कुठल्या रुमालात (कागदांच्या गठ्ठ्यात) शोधू?